आठ फुटी फळीवरचं फाट्याचं स्टेशन: आधी जमीन, मग इमारती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये भिंतीलगत आठ फूट बाय दोन फुटांची फळी बसवली आहे. त्यावर मॉडेल रेल्वेचे एचओ मापाचे रूळ टाकून झालेत, भारतीय डबे त्यावर धावतात. पण तयार किट जोडून उभं केलेलं स्टेशन कुठल्या तरी जर्मन खेड्यातलं वाटतं. दौंड-बारामतीसारख्या फाट्यावर (मुख्य मार्गातून फुटलेल्या छोट्या लाइनवर) किंवा जेजुरी-नीरा बाजूला दिसतं तसं छोटं स्टेशन करायचं असेल तर काय काय बांधावं, कशाचं बांधावं आणि किती बांधावं?

‘किती’चं उत्तर आधी देतो, कारण सगळे तिथेच घसरतात. तुमच्या यादीत स्टेशन, मालधक्का, सिग्नल केबिन, क्वार्टर्स, देऊळ, साखर कारखाना आणि बाजार असं सगळं आहे. त्यातलं निम्मं खोडा, आणि उरलेल्यातलंही एखादं खोडा.

हिशेब करून बघा. एचओचं प्रमाण १:८७. म्हणजे तुमची आठ फुटी फळी प्रत्यक्षात साधारण २१२ मीटर लांब आणि ५३ मीटर रुंद जागा झाली. एवढ्यात शिर्सुफळ किंवा वाल्ह्याच्या स्टेशनाचं अंगणसुद्धा पुरतं मावत नाही. आजच्या मालगाडीसाठी लूप लाइन (गाडी बाजूला घ्यायची जोडलाइन) ६८६ मीटरची धरतात. तुमच्या मापात ती जवळजवळ आठ मीटर होईल, म्हणजे हॉलमधून निघून जिन्यापर्यंत. तेव्हा गाडी तीन डब्यांची ठेवा. आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा २१.३४ मीटर लांब असतो, तो २४५ मिलिमीटर भरेल. जुनं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन २०० मिलिमीटरच्या आत बसतं. इंजिन आणि तीन डबे मिळून ९५ सेंटिमीटर झाले. फलाट तेवढाच करा. बाकीची लांबी गेट (रेल्वे फाटक), एक मोरी (रुळांखालून पाणी जायचा छोटा पूल) आणि मोकळं रान यांना द्या. खेड्यातलं स्टेशन खेड्यातलं वाटतं ते भोवतीच्या मोकळ्या रानामुळे, आणि आपल्या हौशी माणसाला मोकळी जागा बघवत नाही, हीच खरी अडचण आहे.

रुळांच्या रुंदीबद्दल पुढेमागे कुणीतरी टोकेलच, म्हणून सांगून ठेवतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे एचओमध्ये तो १९.३ व्हायला हवा, आणि तुमचे रूळ १६.५ चे आहेत. सोडून द्या. बाजूने बघताना ते कळत नाही. फारच खटकत असेल तर नॅरोगेज करा. बार्शी लाइट रेल्वे किंवा जुना दौंड-बारामती मार्ग ७६२ मिलिमीटरचा होता, आणि १:८७ मध्ये तो ८.७६ मिलिमीटर होतो. एन गेजचे (एचओहून लहान मापाच्या मॉडेल रेल्वेचे) ९ मिलिमीटरचे रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत लागू पडतात. फक्त त्यांचे स्लीपर फार जवळ जवळ असतात, ते मुरमाखाली झाकायचे. वळणंही घट्ट घेता येतात. आठ फुटांत नॅरोगेज फार शोभेल असं माझं मत आहे, पण तुम्ही डबे घेऊन बसला आहात, म्हणून पुढे जातो.

जमीन

बहुतेक जण प्लायवर रूळ ठोकतात, त्याच पातळीवर घर ठेवतात आणि भोवती हिरवं पसरतात. तिथेच खेळण्याचा भास येतो. रेल्वे सहसा शेताच्या पातळीवर नसते. ती एक तर भरावावर असते, नाहीतर कापलेल्या खडकातून जाते. रुळांखाली १५ ते २० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस फोम घाला (गच्चीवर उष्णतारोधक म्हणून घालतात तोच, बहुधा निळा किंवा गुलाबी मिळतो). दोन्ही बाजूंनी त्याला उतार द्या. मग शेत आपोआप खाली जातं, मोरी बांधायला कारण मिळतं आणि गेटकडे येणाऱ्या रस्त्याला चढ येतो. बैलगाडीचा रस्ता रुळांपाशी चढतो आणि पलीकडे उतरतो. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं समजा.

फळीच्या एका टोकाला गाडी दिसेनाशी करायची असेल तर बोगदा करू नका, खडकातली खोदाई करा. शिंदवणे घाटात गाडीतून बाहेर बघितलंत तर आपला खडक कसा असतो ते कळेल: आडवे थर, थरांमध्ये पायऱ्या, आणि मध्येच एखादा तांबडा पट्टा. ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून त्यावर पीओपी ओतायची जी कृती सगळीकडे सांगतात, तिने आल्प्समधला खडक तयार होतो, दख्खनचा नाही. त्याऐवजी एक्सपीएसच्या ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या घ्या. त्यांची दर्शनी कड सुरीने न कापता हाताने मोडा आणि एकावर एक थोड्या मागे सरकवत चिकटवा. त्यावर पीओपीचा पातळ हात द्या. ते अर्धवट सुकलं की बोथट सुरीने उभ्या भेगा ओढा. वरच्या एखाद्या थराला टूथब्रशच्या केसांनी टोचून बारीक भोकं पाडा, बुडबुड्यांचा बेसॉल्ट तसाच दिसतो. तांबडा थर एकच ठेवा, ३-४ मिलिमीटरचा. तो प्रत्यक्षात फूटभर जाडीचा झाला. रंग काळा मुळीच नको. उन्हातला बेसॉल्ट तपकिरी झाक असलेला करडा दिसतो. काळ्यात बर्न्ट अंबर आणि थोडा पांढरा घाला, आणि सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवरून फिक्या करड्याचा हात फिरवा.

माती विकत घेऊ नका. सासवडकडे जाणं झालं की शेताच्या बांधावरची मूठभर काळी माती आणि रस्त्याकडेचा मुरूम घेऊन या. तव्यावर भाजून घ्या, म्हणजे किडे आणि बुरशी मरते. आधी पिठाच्या चाळणीने आणि मग मलमलीतून चाळा. आता महत्त्वाचं: त्या चाळलेल्या मातीतून लोहचुंबक फिरवा. आपली माती बेसॉल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. चुंबक कागदात गुंडाळून फिरवलंत तर त्याला काळी मिशी फुटलेली दिसेल. ते कण इंजिनाच्या मोटरीतल्या चुंबकाकडे आणि गिअरमध्ये जातात आणि महागाचं इंजिन घरघरायला लागतं. पुन्हा पुन्हा फिरवा, चुंबक स्वच्छ निघेपर्यंत.

खडीलाही हाच नियम. रेल्वेची खडी २० ते ६५ मिलिमीटरची असते, म्हणजे आपल्याला पाऊण मिलिमीटरच्या आतलं काहीतरी हवं. बांधकामावर क्रश सँड पडलेली असते. ती रव्याच्या चाळणीतून खाली पडू द्या आणि मैद्याच्या चाळणीवर अडेल तेवढीच घ्या. रंग आयताच जुळतो, कारण ती त्याच खडकाची असते. रुळांमध्ये कोरडी पसरा, मऊ ब्रशने स्लीपरच्या पातळीला आणा आणि पाण्याचा बारीक फवारा मारा. मग एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या) हलत्या जिभेजवळ मात्र हात आवरा, तिथे गोंद गेला तर सांधा कायमचा बसला. फाट्याच्या लाइनवर खडी फार स्वच्छ नको. लूप लाइन मुरमाने अर्धी बुजलेली आणि मधून गवत आलेली चांगली दिसते.

स्टेशनची इमारत

एखाद्या रविवारी पॅसेंजरने जाऊन एक स्टेशन नीट बघून या. पुणे-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणात बरंच जुनं बदललंय, तरी नमुने सापडतात. फोटो काढण्याआधी स्टेशन मास्तरांना विचारा आणि रुळात उतरू नका. रेल्वे कायद्याचं कलम १४७ त्यासाठीच आहे. भिंतीला टेकवून छत्री उभी करा आणि अगदी समोरून फोटो घ्या. छत्रीची लांबी माहीत असली की घरी बसून सगळी मापं काढता येतात. दगडांचे थर मोजा, कौलांच्या ओळी मोजा.

मापात इमारत लांब होत असेल तर लांबी चतुर्थांशाने कमी करा, एखादी खोली उडवा. पण दरवाजा, खिडकी आणि जोत्याची उंची यांना हात लावू नका. सात फुटी दरवाजा साडेचोवीस मिलिमीटर म्हणजे साडेचोवीसच.

भिंतींसाठी ३ मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) घ्या. आर्किटेक्चरची पोरं वापरतात तो. अप्पा बळवंत चौकात मिळतो. दगडाचे थर संपलेल्या रिफिलने दाबून काढायचे. घडीव दगडाचा थर नऊ इंच ते फूटभर असतो, म्हणजे आपल्याकडे २.६ ते ३.५ मिलिमीटर. आधी सगळ्या आडव्या रेघा मारून घ्या, मग उभ्या. एका थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. कोपऱ्यावरचे दगड दोन्ही भिंतींवर वळलेले दिसले पाहिजेत, म्हणून भिंती जोडून झाल्यावर कोपऱ्याच्या रेघा शेवटी मारा. कोपऱ्यावर रेघ जुळली नाही की भिंत नव्हे, भिंतीचा छापील कागद वाटतो. रंग सुकला की पीओपी पाण्यात ताकासारखं पातळ करून भिंतीवर चोपडा आणि लगेच बोटाने पुसून घ्या. दरजा (दगडांमधल्या फटी) भरल्या जातात आणि दगडांवरही थोडी धूळ राहते. मग दहातला एखादा दगड जरा वेगळ्या छटेने रंगवा. प्रत्येक दगड वेगळा रंगवलात तर भिंत चौकड्याच्या लुंगीसारखी दिसेल.

कौलं. यावर वेळ घालवा, कारण मॉडेल आपण वरून बघतो आणि छप्परच सगळ्यात जास्त दिसतं. मंगलोरी कौल जेमतेम ४१ सेंटिमीटर लांब असतं. एकावर एक चढल्यावर उघडं राहतं ते साधारण ३२ बाय २१ सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडे ३.७ बाय २.४ मिलिमीटर. सुटी कौलं कापायच्या भानगडीत पडू नका, १०० मिलिमीटर लांबीच्या एका पाख्यालाच पाचशे कौलं लागतील. आयव्हरी कार्डाचा तुकडा जुन्या मासिकावर ठेवा, म्हणजे खाली थोडी गादी मिळते. दर २.४ मिलिमीटरला रिफिलने उभी खोल रेघ ओढा. कार्ड उलटं करून प्रत्येक दोन रेघांच्या मधे एक हलकी रेघ ओढा. कागदाला पन्हळ येते. आता त्याच्या ५ मिलिमीटर रुंदीच्या आडव्या पट्ट्या कापा आणि वळचणीकडून आढ्याकडे, प्रत्येक पट्टी खालचीवर चढवत, ३.७ मिलिमीटर उघडी ठेवून चिकटवत जा. रेघा वरपर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, म्हणून पाख्यावर आधी पेन्सिलीने दोन-तीन उभ्या खुणा करून ठेवा. आढ्याची कौलं दुमडलेल्या कार्डाची, तुकड्या-तुकड्यांनी. शेवटी एखादं कौल सरकलेलं, एखादं नवं लाल, आणि पश्चिमेकडच्या पाख्यावर शेवाळाची काळपट झाक. आपल्याकडचा पाऊस तिकडून येतो. मूळ रंग विटकरी, पण थोडा पांढरा मिसळून मळवलेला. डबीतला लाल तसाच लावला तर छप्पर प्लॅस्टिकचं वाटतं.

पत्र्याची पडवी असेल तर पन्हळीतलं अंतर तीन इंच धरा, म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर. चॉकलेटच्या डब्यातला पन्हळी कागद त्याच्यापुढे फार जाडा दिसतो. बारीक आटे असलेल्या स्क्रूवर जाड फॉइल दाबून लोळवा.

आणि आता ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं ते. इमारत जमिनीवर ठेवायची नाही, जमिनीत बसवायची. फोममध्ये जोत्याच्या आकाराचा २-३ मिलिमीटरचा खळगा कापा, जोतं त्यात उतरवा आणि कडेने मुरूम भरा. भिंत आणि जमीन यांच्यामध्ये सावलीची एक बारीक रेघ जरी राहिली तरी सगळी मेहनत वाया जाते, कारण घर कुणीतरी आणून ठेवल्यासारखं दिसतं. मग भिंतीच्या तळाशी ५-६ मिलिमीटरपर्यंत मातीच्याच रंगाचा पातळ हात फिरवा. पागोळ्यांचं पाणी खाली पडून उडतं आणि भिंत तेवढी तांबडी होते. वळचणीच्या बरोबर खाली जमिनीवरही त्या पाण्याची एक बारीक चरी पडते, तीही काढा. हेच टाकीला, गेटमनच्या चौकीला, सिग्नलच्या खांबाला आणि अगदी मैलाच्या दगडालाही लागू आहे. तुमचं जर्मन स्टेशन परकं दिसतं त्यात लाकडी चौकटींचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा तळाच्या त्या कोऱ्या रेघेचा आहे.

फलाट आणि किरकोळ

फाट्यावर उंच फलाट सहसा नको. ४५५ मिलिमीटरचा फलाट घेतलात तर तो सव्वापाच मिलिमीटर उंच होतो. आजचा ७६० ते ८४० चा घेतलात तर नऊ. मला ठेंगणा आवडतो: दगडी कड आणि वर मुरूम. रुळांच्या मध्यापासून फलाटाची कड १९ ते २० मिलिमीटरवर ठेवा, पण वळणावर कागदी हिशेब करू नका. सगळ्यात लांब डबा हाताने ढकला, त्याला पेन्सिल धरा आणि उमटलेल्या रेघेच्या बाहेर कड बांधा.

फलाटावर काय असावं? पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव. ते काल्पनिक ठेवा, म्हणजे कुणी वाद घालणार नाही. लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या एका दांडीला टांगलेल्या, घंटा म्हणून लटकवलेला रुळाचा तुकडा, कडुलिंबाखाली दगडी पार, पाण्याचा माठ. जुन्या रुळांच्या तुकड्यांचं तारेचं कुंपण. गेटच्या अलीकडे ‘सी/फा’ची (सीटी वाजवा, फाटक आहे) पिवळी पाटी. हातवाले सिग्नल करणार असाल तर लाल हातावर पांढरी पट्टी टोकाकडे येते हे लक्षात ठेवा. परदेशी सिग्नल घेतलात तर गाडीला वाट देताना हात खाली पडणारा आहे का तेही बघा. वर जाणारा काही मार्गांवर होता, पण जुन्या छोट्या स्टेशनांवर खाली पडणाराच बहुतेक दिसे.

माणसं थोडी ठेवा, आणि बसलेली किंवा वाट बघत उभी असलेली. गाडी हलते आणि धावणारा माणूस वर्षानुवर्षं एक पाय उचलून असतो, ते विनोदी दिसतं. तयार एचओ पुतळे कोट-हॅटमधले येतात. हॅट घासून टोपी करा, एम-सीलच्या बारीक वळीचं मुंडासं बांधा आणि पातळ टिश्यू पेपर फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून साडी नेसवा. साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटर भरतो. त्यापेक्षा उंच पुतळे दरवाजाशेजारी उभे करू नका.

झाडांसाठी जुन्या वायरच्या तांब्याच्या तारा पिळून खोड आणि फांद्या करा आणि वर पीओपी-फेव्हिकॉलचा लेप द्या. पालवीसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कुसकरून रंगवलेला लाकडाचा भुसा चिकटवा. भुसा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळतो. बारा मीटरचा लिंब १४ सेंटिमीटर होतो, आणि एवढं मोठं झाड लावायला लोक कचरतात. लावा. स्टेशनच्या छपरापेक्षा लिंब उंच हवाच. बाकी बाभळी, वरून सपाट आणि विरळ. दिवाळीत किल्ला केलेल्या पुणेकराचा हात हिरव्याकडे आपसूक जातो, पण आळीव पेरून उगवलेली ती हिरवळ इथे नको. दिवाळीनंतर जून येईपर्यंत आपलं रान वाळकंच असतं. बारीक कापलेला काथ्या, फिका गवती रंग, आणि मोरीजवळच्या ओलीत तेवढा हिरव्याचा ठिपका.

दिवे हवे असतील तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून पिवळसर पांढरे ०६०३ मापाचे बारीक एलईडी घ्या. १२ व्होल्टवर एक किलोओमचा रोधक लावला तर स्टेशनात लग्नाचा मांडव वाटेल. चार-पाच किलोओमचा लावा, करंट दोन मिलिॲम्पिअरवर येतो आणि उजेड मिणमिणता होतो. भिंती जोडण्याआधी आतून काळा रंग द्या, नाहीतर सनबोर्डातून उजेड झिरपतो. गाडी, सिग्नल आणि दिवे एकत्र कसे खेळवायचे हे बघायचं असेल तर कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून चालू आहे, तिथे एकदा जाऊन या.

शेवटी पावसाळा. आयव्हरी कार्ड आणि पुठ्ठा जुलैत फुगतो, म्हणून प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी सँडिंग सीलर किंवा पातळ लॅकर द्या. एकाच बाजूने दिलात तर तो वाकतो. चिकटवायला खळ अजिबात नको. झुरळं आणि कसर खळीवर ताव मारतात आणि कौलांच्या कडा कुरतडून जातात. चहाचा चोथा पाचोळा म्हणून छान दिसतो, पण धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून आणि तव्यावर भाजूनच वापरा. फळीवर जुन्या साडीचा पडदा सोडा आणि धूळ काढायला मेकअपचा मऊ ब्रश ठेवा. व्हॅक्यूम क्लिनर लावायचाच झाला तर नळीच्या तोंडाला मोजा बांधा, म्हणजे एखादी लाल बादली उडालीच तर मोज्यात सापडेल.